लागणे, सेटिंग आणि कँडीसाहेबांचा कोश

माझं गाव ओझरला लागूनच आहे असं ऑफिसात सांगितलं, की दोनपैकी एक प्रश्न हमखास येतो. नाशिककडचा कोणी असेल तर, "म्हणजे विमानांचा कारखाना आहे ते?" आणि पुण्याचा असेल तर, "अच्छा, अष्टविनायकातलं!" आमचं दुसरं. जुन्नर तालुक्यातलं, कुकडीच्या काठचं. विमानांचं ओझर नाशिक जिल्ह्यात, आणि संगमनेरकडे प्रवरेवर ओझरचा बंधारा आहे तो तिसरा. आमच्या देवाला कोणी विघ्नहर म्हणतं, कोणी विघ्नेश्वर. आता विघ्नेश्वर म्हणजे विघ्नं घालवणारा, की विघ्नांवर हुकूम चालवणारा? नुसत्या शब्दावरून कळणार नाही. त्यासाठी विघ्नासुराची गोष्ट माहीत पाहिजे. हरलेल्या असुराने शरण येऊन मागणं मागितलं, की देवा, तुझ्या नावाआधी माझं नाव लागू दे. गोष्ट माहीत असली की शब्द आपोआप उलगडतो.

सांगायचा मुद्दा, एका शब्दाला एकच अर्थ असतो अशी समजूत निदान ओझरच्या माणसाची तरी नसावी. पण आमच्याकडची मुलं इंग्रजीच्या बाबतीत नेमकी हीच समजूत धरून दहावीपर्यंत जातात आणि तिथे आपटतात. गणित आणि इंग्रजी, मराठी माध्यमाच्या मुलांना अडवणारे हे दोन जुने दरवाजे. गणिताबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मला इंग्रजीतल्या एकाच गोष्टीबद्दल लिहायचंय. 'शब्द = अर्थ' अशी जी वही आपण सगळ्यांनी घातली, ती पद्धत आली कुठून? शोधत शोधत मी दोनशे वर्षं मागे गेलो. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी आपल्या मराठीकडे बघू. ओझरहून जवळच नारायणगाव, विठाबाईंचं गाव, तमाशाची पंढरी. यात्रांचा हंगाम जवळ आला की तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी सुपारी द्यायला येतात. ही सुपारी पानातली नव्हे, लग्न ठरवतानाची नव्हे, आणि मुंबईच्या वर्तमानपत्रात गुन्हेगारीच्या पानावर येते ती तर नव्हेच नव्हे. फड म्हणजे तमाशाचा संच. पण तोच कारभारी घरी जाऊन "उद्या फडात तोडणी आहे" म्हणाला तर तो ऊस झाला, आणि यात्रेच्या दुसऱ्या दिवशी फड रंगला तर ती कुस्ती. लावणी स्टेजवरही होते आणि भाताच्या खाचरातही. बोर बांधावरच्या झाडाला लागतं आणि जमिनीत खोल मारतातही. (पहिलं संस्कृतातल्या बदरापासून आलं, दुसरं थेट इंग्रजीतून. दोघांचा काही संबंध नाही, योगायोगाने एका उच्चारावर भेटले.) आणि आमच्या तालुक्यात बिबट्यालाही सर्रास वाघच म्हणतात, त्यामुळे इंग्रजी हे वाघिणीचं दूध वगैरे म्हटलं की लोक आधी गोठ्याचं दार लावलंय का बघतात.

यातला एकही शब्द आमच्याकडच्या पाच वर्षांच्या पोराला अडत नाही. त्याला कोणी 'फड : १. तमाशाचा संच, २. उसाचं शेत, ३. कुस्तीचा आखाडा' असं पाठ करायला लावलेलं नसतं. फड म्हणजे काय हे त्याने उसात उभं राहून आणि तमाशाच्या तंबूबाहेर घुटमळून शिकलेलं असतं.

गंमत म्हणजे इंग्रजी शब्दांचंही हेच. आमच्याकडचा टोमॅटो किंवा द्राक्ष करणारा शेतकरी 'सेटिंग' हा शब्द दिवसातून दहा वेळा वापरतो. फुलातून फळ धरलं की सेटिंग झालं. पारावर निवडणुकीच्या गप्पा निघाल्या की तिथलं सेटिंग वेगळं, आणि मोबाइलचं सेटिंग बिघडलं तर तो पोराकडे देतो. 'प्लॉट' म्हणजे द्राक्षाची बाग, आणि हायवेच्या कडेचा एनए प्लॉटही. आणि 'डिश' ऐका. खोडदला ती मोठी रेडिओ दुर्बीण आहे ना, जीएमआरटी, तीस अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यांना सगळे डिशच म्हणतात. खोडदच्या फाट्यावर एखादा "डिश बघायला चाललोय" म्हणतो आणि शेजारच्या हॉटेलात दुसरा "दोन डिश भजी" सांगतो. कोणाचा घोटाळा झाल्याचं ऐकिवात नाही.

डिशचं मूळ लॅटिनमधल्या 'डिस्कस' या शब्दात आहे. त्याचीच पिलावळ म्हणजे डिश, डिस्क, डेस्क आणि डायस, म्हणजे सभेतलं व्यासपीठ. माझ्यासारखा माणूस आयुष्यभर डेस्कवर बसून हार्ड डिस्क भरतो आणि डिशमध्ये पोहे खातो, म्हणजे एकाच घराण्याची चाकरी करतो म्हणायचं! :-) वाटोळं चपटं काहीतरी, एवढंच मूळ. त्यातून थाळी आली, थाळीतून पदार्थ, आणि थाळीच्या आकारातून आकाशाकडे तोंड करून बसलेली अँटेना. अर्थ असे फांद्यांसारखे फुटतात. एक फांदी ठाऊक असेल तर दुसरीवर जाता येतं, पण खोड दिसलं पाहिजे.

आता शाळेत येऊ. आमच्या गावातला एक मुलगा दहावीला इंग्रजीत पहिल्या खेपेला राहिला, दुसऱ्या खेपेला सुटला आणि आयटीआयला गेला. पहिल्याच आठवड्यात त्याच्यापुढे पुस्तक आलं, 'टॅप अँड डाय'. टॅप म्हणजे नळ, डाय म्हणजे मरणे. त्याला दोन्ही पाठ होते, गाइडमध्ये असेच होते. नळ आणि मरणे! पुढे लेथ मशीनचा 'बेड', चकचा 'जॉ', 'डेड सेंटर'. म्हणजे बिछाना, जबडा आणि मेलेला मध्यभाग. तो मला हसत हसत सांगत होता, पण त्यातलं एक वाक्य मला हसवेना. म्हणाला, "दादा, मला वाटलं मी परत नापास." सहा वर्षं घासून पाठ केलेले शब्द ऐन वेळी खोटे निघाले असं त्याला वाटलं. मग मास्तरांनी टॅप हातात दिला, भोकात आटे पाडून दाखवले, डायने दांड्यावर आटे पाडून दाखवले. पाच मिनिटांत विषय संपला. आता तो चाकणला एका कारखान्यात आहे.

मग त्या वहीचा दोष कोणाचा? इथून खरा इतिहास सुरू होतो.

१८१८ साली पेशवाई गेली आणि कंपनीच्या साहेबांवर मराठी मुलखाचा कारभार येऊन पडला. त्यांना मराठी शिकणं भाग होतं. तयारी आधीपासूनच चालू होती. तिकडे बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम केरीने वैजनाथ पंडितांच्या मदतीने १८१० साली मराठी-इंग्रजी कोश काढला होता, त्यातले मराठी शब्द मोडीत छापलेले होते. १८२४ मध्ये व्हॅन्स केनेडीचा दुहेरी कोश आला, मराठी-इंग्रजी आणि इंग्रजी-मराठी. आणि १८३१ मध्ये आला कॅप्टन जेम्स मोल्सवर्थचा सुप्रसिद्ध मराठी-इंग्रजी कोश. लोक त्याला मोलेसरशास्त्री म्हणायचे, यावरून काय ते ओळखा. जॉर्ज आणि थॉमस कँडी हे जुळे भाऊ त्याच्या मदतीला होते, आणि शास्त्रीमंडळींची एक फळी. पहिल्या आवृत्तीत चाळीस हजारांच्या आसपास शब्द, १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत साठ हजारांच्या आसपास. आजही मराठी शब्दाबद्दल वाद झाला की मी आधी मोल्सवर्थच उघडतो.

या कोशाचं मोठेपण शब्दांच्या संख्येत नाही असं माझं मत. ते आहे 'लागणे' सारख्या शब्दांपाशी. जरा विचार करा. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, झोप लागते. आंब्याला आंबे लागतात. भाजी तिखट लागते. निकाल लागतो, नोकरी लागते, हिशोब लागतो, फोन लागत नाही. चुलत्याचा मेहुणा आपला कोण लागतो? जुन्नरला जाताना वाटेत काय लागतं? वेळ लागतो, पैसे लागतात, नाद लागतो, शेवटी वाट लागते. मुलाला बस लागते, म्हणजे बस त्याला येऊन आदळत नाही, घाटात त्याला उलटी होते. (हे एकदा एका अमराठी मित्राला समजावून बघा.) आणि हे झालं फक्त लागणे. लावणे, बसणे, मारणे, काढणे यांची तीच कथा.

आता १८३० च्या सुमाराचा एखादा कोवळा इंग्रज असिस्टंट कलेक्टर डोळ्यांपुढे आणा. समोर फिर्यादी उभा आहे आणि सांगतोय की याची नजर माझ्या जमिनीला लागली, याच्या नादी माझा भाऊ लागला आणि माझ्या घराला आग लागली. साहेबाला यातलं लागणं कुठलं खरं, कुठलं वाकडं, हे कळलं नाही तर निवाडा काय डोंबल देणार? मोल्सवर्थ इथे कामी येतो. तो अशा शब्दाचे अर्थ वेगवेगळे करतो, एक अर्थ दुसऱ्यातून कसा निघाला ते सुचवतो, सोबत चालू वाक्प्रचार देतो, काही ठिकाणी हा शब्द गावंढळ आहे की ग्रंथातला हेही सांगतो. साहेबाला मराठी यावी म्हणून सरकारने पैसा, वर्षं आणि विद्वान असं सगळं ओतलं होतं.

मग उलटा कोश. इंग्रजी-मराठी. तो मोल्सवर्थने सुरू केला आणि थॉमस कँडीने १८४७ साली पुरा केला. १८७३ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. कँडी हा माणूसही काही साधा नव्हे. पुण्याच्या संस्कृत पाठशाळेचा तो प्रमुख होता, सरकारी क्रमिक पुस्तकांच्या मराठीवर त्याची नजर फिरल्याशिवाय ती छापली जात नसत, आणि मराठीत स्वल्पविराम-अर्धविराम रुळवण्याचं श्रेय किंवा पाप, जे काय म्हणाल ते, बऱ्याच अंशी त्याचं. १८७७ मध्ये तो वारला.

पण हा उलटा कोशही मुळात साहेबाच्याच सोयीचा आहे, हे तो उघडून बसलं की जाणवतं. इंग्रजी शब्दाला चार अर्थ असतील, तर कुठला अर्थ चाललाय हे सांगायला कँडी पुढे दुसरा इंग्रजी शब्द ठेवतो, आणि मग मराठी प्रतिशब्दांची रांग लावतो. इंग्रजाला हे उत्तम. इंग्रजी त्याची आईची भाषा, त्याला फक्त मराठी शब्द निवडायचा आहे. पण पुण्याच्या शाळेत इंग्रजी शिकणाऱ्या बामणाच्या किंवा सोनाराच्या पोराचं काय? त्याला इंग्रजीच कळत नाहीये, आणि अर्थाचा खुलासा इंग्रजीतच आहे! तो काय करणार? रांगेतला पहिला मराठी शब्द उचलणार आणि वहीत लिहिणार. शब्द = अर्थ.

आमच्या भाषेत सांगायचं तर इंडेक्स ज्या कॉलमवर बांधला त्याच बाजूने शोध वेगाने होतो. दुसऱ्या बाजूने शोधायला गेलात तर माहिती तीच असते पण हाताला लागत नाही. (बघा, परत लागणे आलं.)

पुढचे लहान शालेय कोश, शब्दसंग्रह, गाइडं ही सगळी जागा वाचवण्यासाठी आणखी आखूड होत गेली. मोठ्या कोशात निदान इंग्रजी खुलासा होता, तो गेला. चार अर्थांचे दोन झाले, दोनाचा एक झाला. तोवर या बाजूने जोरकस प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. नीळकंठ बाबाजी रानड्यांनी १९०३ ते १९१६ एवढा काळ खपून 'ट्वेंटिएथ सेंच्युरी इंग्लिश-मराठी डिक्शनरी' प्रसिद्ध केली, हे काम मराठी माणसाने मराठी वाचकासाठी केलेलं. पण असले ग्रंथ वाचनालयाच्या कपाटात राहतात. ओझरच्या पोराच्या दप्तरात पोचते ती वही.

आणि दुसरी वाट नव्हती असंही नाही. ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं, तेव्हा त्यात इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी स्तंभांत छापलेला असे. डावीकडे वाचा, अडलं तर उजवीकडे बघा. माझ्या मते मराठी माणसासाठी निघालेलं ते पहिलं चांगलं इंग्रजीचं पुस्तक. एकही शब्द तिथे एकटा उभा नव्हता, प्रत्येकाच्या अंगावर वाक्य होतं. १८४० मध्ये दर्पण बंद पडलं. पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या, तिच्यातही शब्दांनंतर वाक्यं यायची आणि ती इकडून तिकडे, तिकडून इकडे करावी लागायची. जुनी मॅट्रिक झालेली माणसं इंग्रजी अर्ज झोकात लिहीत, त्याचं रहस्य मला यात दिसतं.

आता एक वाईट बातमी. शब्द जितका सोपा तितके त्याला अर्थ जास्त. हे मी म्हणत नाही, झिफ नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९४५ साली मोजून दाखवलं, की जो शब्द वारंवार वापरला जातो त्याला अर्थही जास्त फुटतात. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशात १९८९ च्या आवृत्तीपर्यंत सगळ्यात लांब नोंद 'सेट'ची होती. नंतर 'रन'ने तिला मागे टाकलं, नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ! म्हणजे 'फोटोसिंथेसिस' पाठ केलं की झालं, त्याला एकच अर्थ. खरा फासा आहे तो गेट, सेट, रन, टेक, पुट या चिल्लर शब्दांचा, आणि आपण पहिलीतल्या मुलाला 'सोपे शब्द' म्हणून नेमके हेच देतो. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. २००० साली राज्याने ते पहिलीपासून केलं. चांगलं केलं. वही मात्र चार वर्षं आधी सुरू झाली.

शिवाय यात दोन जातीची भांडणं असतात, आणि ती मुलांना कोणी वेगळी करून सांगत नाही. 'डिश'सारख्या शब्दात अर्थ एकमेकांचे सख्खे असतात. पण 'फेअर' घ्या. गोरा, न्याय्य, बरा, स्वच्छ हे अर्थ एका जुन्या इंग्रजी शब्दाचे, ज्याचा मूळ अर्थ सुंदर. आणि जत्रा हा अर्थ दुसऱ्याच शब्दाचा, तो लॅटिनमधल्या सणवाराच्या शब्दापासून आला. आमच्या बोरांसारखं. पहिल्या गटातलं खोड दाखवता येतं, दुसऱ्या गटात 'हे दोघे वेगळे आहेत' एवढंच सांगायचं असतं. वहीत मात्र फेअर = जत्रा, गोरा. माझी भाची आठवीत आहे, ओझरजवळच्याच शाळेत. तिने रेशन दुकानावरच्या 'फेअर प्राइस शॉप'चा अर्थ लावला होता, जत्रेच्या भावाने माल मिळणारं दुकान. आणि जत्रेत भाव वाढतात हे तिला माघी गणेशजयंतीच्या अनुभवावरून ठाऊक, त्यामुळे ती बुचकळ्यात पडली होती. शेजारीच मराठीत 'रास्त भाव दुकान' लिहिलेलं होतं, पण ही दोन वाक्यं एकच आहेत हे तिला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. दर्पणाचे दोन स्तंभ रोज डोळ्यांपुढे आहेत हो, रेशनच्या दुकानावर आहेत, एसटीत आहेत, बँकेच्या स्लिपवर आहेत.

तर, या कोड्याला हात घालणारी माणसं कोण होती? मला वाटलं होतं लंडनचे कोणी प्रोफेसर असतील. निघाले आशियात मास्तरकी करणारे. मायकेल वेस्ट हा ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात होता. त्याला १९२० च्या दशकात एक साधी गोष्ट खटकली. बंगालच्या खेड्यातली बहुतेक मुलं शिक्षण पुरं करतच नाहीत. मधेच सोडतात. मग आठ वर्षांनी फळ देणारा अभ्यासक्रम त्यांच्या काय कामाचा? त्याने विम्यातला शब्द उचलला, सरेंडर व्हॅल्यू. एलआयसीवाल्यांनी आपल्याला शिकवलेला तोच. पॉलिसी मधेच मोडली तर हातात काय पडतं? तसं शाळा चौथीत सोडली, सातवीत सोडली, तर त्या क्षणी मुलाच्या हातात वापरता येण्याजोगं काय उरतं? मला हा प्रश्न फार मोठा वाटतो. त्या आयटीआयच्या मुलाची सरेंडर व्हॅल्यू काय होती? 'डाय = मरणे'.

वेस्टने १९३५ मध्ये एक कोश काढला, ज्यात चोवीस हजार शब्द-वाक्प्रचारांचे अर्थ फक्त १४९० सोप्या शब्दांत सांगितले होते. म्हणजे अर्थाचा खुलासा समजायला आणखी कोश उघडावा लागू नये. कँडीच्या कोशात मराठी पोराची जी अडचण होती ती नेमकी हीच. आणि १९५३ मध्ये त्याची दोन हजारांच्या घरातल्या शब्दांची यादी आली, 'जनरल सर्व्हिस लिस्ट'. तिची खुबी म्हणजे प्रत्येक शब्दाच्या कुठल्या अर्थाचा वापर शेकडा किती, ते तिच्यात दिलेलं आहे. म्हणजे मास्तरला कळतं, की दहा अर्थांपैकी हे दोन आधी शिकवा, बाकीचे पडू देत मागे. हे आकडे संगणकाशिवाय, माणसांनी कागदावर वाक्यं मोजून काढलेले! आमच्या धंद्यातल्या लोकांनी याला दंडवत घालावा.

दुसरा हॉर्नबी. तो जपानमध्ये शिकवत होता. शिकणाऱ्यासाठीच लिहिलेला, प्रत्येक अर्थाला उदाहरण देणारा, क्रियापद वाक्यात कसं बसतं ते दाखवणारा त्याचा कोश १९४२ मध्ये टोकियोत छापला गेला, तेव्हा जपान आणि ब्रिटन यांचं युद्ध सुरू होतं. १९४८ पासून तो ऑक्सफर्डने काढला, आणि तोच आपल्या कॉलेजांमधला जाडजूड 'ॲडव्हान्स्ड लर्नर्स'. माझ्या हातात तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला पडला. मोल्सवर्थने १८३१ मध्ये साहेबाला मराठीसाठी जे दिलं, ते मला इंग्रजीसाठी हॉर्नबीकडून मिळालं.

संगणकालाही याच चिखलातून जावं लागलं, म्हणून मला हा विषय जवळचा. बार-हिलेल नावाच्या तज्ज्ञाने १९६० मध्ये 'पेन' या शब्दावरून यंत्राच्या भाषांतराची आशाच सोडून द्या म्हटलं होतं. पेन म्हणजे लिहायचं, आणि पेन म्हणजे लहान मुलाला खेळायला ठेवतात ते कुंपणही. खोका पेनमध्ये आहे असं म्हटलं तर कुठलं पेन हे यंत्राला कोण सांगणार? शब्दकोशात दोन्ही आहेत. खोका केवढा आणि पेन केवढं हे शब्दकोशात नाही. आज यंत्र भाषांतर करतं ते बरंच बरं करतं, कारण ते शब्द एकटा बघत नाही, आजूबाजूचं सगळं वाक्य बघतं. आमच्या पोरांना मात्र अजून सुटे शब्द.

असो. गेल्या महिन्यापासून शनिवारी एक उद्योग चालू केलाय. भाचीची पाचवी ते आठवीची इंग्रजीची पुस्तकं टाइप करून घेतली आणि एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. शब्द दिला की तो शब्द ज्या ज्या वाक्यात आलाय ती सगळी वाक्यं एकाखाली एक येतात, शब्द मधल्या रकान्यात, दोन्ही बाजूंना त्याचे शेजारी. ही कल्पनाही माझी नाही, आयबीएमच्या लूनची, पन्नासच्या दशकातली. प्रिंट काढून आम्ही दोघं बसतो. ती वाक्यांचे ढीग करते. हा अर्थ इकडे, तो अर्थ तिकडे, आणि कळत नाहीत ते मधे. मराठी प्रतिशब्द सगळ्यात शेवटी लिहायचा, तोही तिनेच. पहिल्या शनिवारी 'लाइट' घेतला. आमच्याकडे लाइट म्हणजे वीज, ती जाते आणि येते, एवढंच तिला माहीत होतं. प्रकाश, दिवा, हलकं, फिकट, पेटवणे असे ढीग लागले आणि विजेचा ढीग रिकामाच राहिला, त्यावर ती फार हसली. मग तिने 'लागणे' साठी प्रोग्रॅम चालवायला सांगितला, मराठीच्या पुस्तकावर. ते काही झालं नाही. लागला, लागली, लागेना, लागलेलं अशी रूपं पकडायला त्यात बरंच काम आहे.

परवा तिने विचारलं, "मामा, 'टेक'ची पानं किती होतील?" मोजून बघितली. शाई बदलावी लागणार आहे.